माझी अर्धी चंद्रकोर

माझ्या कपाळावर गोंदणाची एक हिरवी चंद्रकोर आहे. तिच्याखाली असतो तो ठिपका मात्र नाही. ह्याला कारण साखरा गावची एक अतिशहाणी पोरगी, म्हणजे मीच. गोंदणारी बाई अंगणात बसलेली, मायनं मला मांडीवर आडवी धरलेली. मी इतकी वळवळत होते की कोर कपाळावर जरा वरच चढली. ती पुरी झाली न झाली, तोच मी मायच्या हाताला कडकडून चावले आणि पळाले ती थेट तुरीत. अंधार पडल्यावर भूक लागली तेव्हा बाईसाहेब घरी आल्या, पण गोंदणारी कधीच पुढच्या गावाला गेली होती. माय म्हणाली, "ऱ्हा आता अर्धीच." पुढं लग्न होऊन वसमतकडं आले, तर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कपाळ बघून विचारलं, "ठिपका कुठं सांडला गं?"

हे सगळं आज आठवायचं कारण माझं नाक.

डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या जरा वर, मसुराएवढी पुळी आली. खपली धरायची, पडायची, थोडं रक्त, परत खपली. मला वाटलं चमकी घासते. सोनाराच्या नावानं बोटं मोडली, नवी चमकी घेतली. पुळी तशीच. मग धरली हळद. आमच्या शेतात हळद, घरात हळद, मग औषधाला बाहेर कशाला जायचं? झोपताना लेप लावायचा, सकाळी उशी पिवळी. आमच्या मालकांना विचारायचे, "बरं होऊन राहिलं ना?"

ते चष्मा पुसून बघायचे. "पिवळं होऊन राहिलं."

शेवटी लेकानं मला गाडीत घालून नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुळीचा कण तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला सांगितलं, कातडीचा कॅन्सर आहे.

बाई म्हणाल्या, "घाबरू नका. हा सावकाश चालतो, सहसा अंगभर पसरत नाही. पण जिथं आहे तिथं खात जातो."

"मग हळद लावू का न्हाई?"

"हळद भाजीत घाला, आजी."

दोन उपाय होते. एक ऑपरेशन. पुळी मुळासकट काढायची आणि तिथं कपाळाची कातडी आणून बसवायची. दुसरा शेक, म्हणजे रेडिएशन. चिरफाड नाही, पण कित्येक आठवडे जवळपास रोज नांदेड. शिवाय दुखणं पुन्हा त्याच जागी उलटलं, तर शेकलेल्या कातडीवर ऑपरेशन अवघड जातं. "काहीच न्हाई केलं तर?" मी विचारलं. "तर आधी नाक, मग डोळ्याकडं सरकेल," त्या म्हणाल्या. मग माझ्या कपाळावर बोट फिरवून त्यांनी सांगितलं, कातडी इथून घ्यावी लागेल, चंद्रकोरीचं टोक त्यात जाईल.

मी लगेच म्हणाले, "शेकच द्या."

घरी आले आणि आरसा घेऊन बसले. नवी नवरी असताना ही बया रांजणात तोंड बघायची आणि सासूची चाहूल लागली की पाणी काढल्याचं सोंग करायची. तेव्हा निदान बघण्यासारखं तोंड होतं. आता सत्तरी उलटल्यावर कसली हौस? पण ती हौस नव्हती. मायचा फोटो नाही, लुगड्याची चिंधीसुद्धा नाही. तिनं मला धरून गोंदवून घेतलेली ही कोर तेवढी तिची.

लेकाचं म्हणणं ऑपरेशन. "माय, एकदाचं निघून जाईल. काहून हट्ट करायलीस?" एका दुपारी मालक आणि मी शिजवून वाळत घातलेली हळद उलटीपालटी करत होतो. ते खाली बघूनच म्हणाले, "तुला कोरीचं दुःख न्हाई. तुला भ्या वाटतंय."

"वाटतंय तर. काय करू?"

"तवाबी भ्या वाटलं अन् पळालीस. तुझ्या मायनं धरलं व्हतं, तिला चावलीस." मग हातातली हळद खाली ठेवली. "ह्या बारीला मी धरतो. चावू नको फकत."

मला हसू आलं आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला. पिवळ्या हातानं डोळे पुसले, ते वेगळंच.

ऑपरेशनच्या खोलीत त्यांना कोण सोडणार? पण दारापर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. नर्स म्हणाली, "बाबा, आता सोडा." ते म्हणाले, "ही पळते."

पुढचे तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची एक पट्टी लोंबत होती, नवी कातडी जीव धरेपर्यंत. नात बघून आधी रडली, मग म्हणाली, "आजी, तुला सोंड आली." मी तिच्याकडून रोज मोदकाच्या नावानं गूळखोबरं वसूल केलं. रात्री पट्टी ठणकायची तेव्हा मात्र असला चेष्टेखोरपणा सुचत नसे. मालक उशाशी बसायचे, मनगट धरून.

मग पट्टी कापली. दुखणं पूर्ण निघालं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तपासायला अधूनमधून जायचं, उन्हात तोंडावर पदर घ्यायचा. नाक जरा जाड झालंय, कपाळावर उभा व्रण आहे, कोर एका बाजूनं आखूड.

सूज उतरल्यावर एका सकाळी मालक चहा पिता पिता माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग बोट पुढं करून माझ्या नाकपुडीवर टेकवलं. कोरीचं तुटलेलं टोक तिथं येऊन बसलं होतं, तिळाएवढं, हिरवं.

"सांडला व्हता तो घावला," ते म्हणाले.

मी म्हणाले, "चष्मा पुसा आधी."

त्यांनी पुसला. आणि परत तिथंच बोट ठेवलं.