कसलो मॅटर?
ओल्या सुती कापडावर गरम इस्त्री फिरली की येणाऱ्या वासाने मी अजूनही अस्वस्थ होतो. एमएस्सीच्या सेमिनारच्या सकाळी, कांदिवलीत, घरमालकीण काकू माझा एकुलता चांगला शर्ट इस्त्री करत होत्या आणि मी येरझाऱ्या घालत पाठ करत होतो, "डार्क मॅटर कदाचित नाहीच." काकूंचा हात थांबला. "कसलो मॅटर रे? पोलीस-बिलीस नाय मां?" मी समजावलं, दीर्घिकांच्या कडेचे तारे फार वेगाने फिरतात, म्हणून न दिसणारं द्रव्य आहे असं मानतात, पण काहींच्या मते गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा आहे, मग कृष्णविवराभोवतीचं गणितही नव्याने मांडावं लागेल. माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, हा विषय नीट पेलला नाहीस तर संशोधनासाठी शिफारसपत्र देणार नाही. "तुका ह्यां खरां वाटतां?" काकूंनी विचारलं. "माहीत नाही." "मगे तसांच सांग." दुपारी सेमिनारमध्ये सरांनीही नेमकं तेच विचारलं. पाठ केलेलं आठवेना, इंग्रजीही सुचेना. मी मराठीतच म्हणालो, "सर, माहीत नाही." "मलाही नाही," सर म्हणाले. पत्र मिळालं, संशोधनही सुरू झालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, गावाहून आई फोनवर विचारते, "सापडलं का रे तुझं ते न दिसणारं?" आणि मला दरवेळी सांगावं लागतं, अजून नाही.