संथ धुरकरी

"घाई कायले?"

कुणी काहीही विचारलं तरी मामांचं पहिलं उत्तर हेच. आधी खांद्यावरचा पंचा काढून झटकायचे, मग तो पुन्हा त्याच खांद्यावर ठेवायचे, मग आभाळाकडे पाहायचे, आणि मग हे दोन शब्द. जेवायला हाक मारली तरी तेच, पाहुणे दाराशी आले तरी तेच. एकदा गोठ्यात साप निघाला. मामांचा पंचा झटकून होईपर्यंत साप कंटाळून आपणहून निघून गेला, असं काकू सांगायची.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. पण आमचे मामा सगळ्या परिसरातले सर्वांत वेगवान धुरकरी होते, असं सांगितलं तर तुम्ही मला खोटं ठरवाल. धुरकरी म्हणजे शंकरपटात बैलांचा छकडा हाकणारा. धान घरात आलं की आमच्या भागात गावोगाव पट भरतात. शेजारी शेजारी दोन वाटा आखलेल्या असतात. प्रत्येक वाटेवर एक जोडी, तिच्या मागे खेळण्यासारखा हलका छकडा आणि त्यावर अंग चोरून बसलेला एक माणूस. झेंडी पडते, धूळ उडते आणि तुम्ही नीट पाहायला लागेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

लढाईची वर्षं होती. मी नागपूरला इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात होते. टायफॉइडने माझं मॅट्रिकचं वर्ष बुडालं आणि बाबांनी मला हवापालटासाठी काकांकडे पाठवलं. काका नवेगाव बांधाच्या बाजूचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. त्यांच्याकडे मोटार होती, पण पेट्रोल मिळेना, म्हणून ती पडवीत उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मोटारीचा सगळा शौक काकांनी बैलांवर वळवला होता. त्यांची जोडी हाकायला मामा होते, नात्याचे नव्हेत, काकांचे गडी, पण सारं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

मी तेव्हा फार कमी बोलायची. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि गावात माझं मराठी ऐकून बायका पदराआड हसायच्या. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं होतं.

बाबा डॉक्टर. त्यांनी मला सेकंदकाट्याचं घड्याळ दिलं होतं आणि रोज दुपारी नाडी मोजून वहीत लिहायला सांगितलं होतं. मी ओसरीवर मनगट धरून बसलेली असताना मामा समोर येऊन उभे राहिले.

"बाई, काय मोजून राहिल्या?"

"नाडी."

मामांनी पंचा झटकला, आभाळाकडे पाहिलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत आले आणि जणू मध्ये एक रात्र गेलीच नव्हती अशा सुरात म्हणाले, "बैलाची मोजता येते का?"

तेव्हापासून मी त्यांच्या सरावाला जाऊ लागले. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, कापणी झालेलं एक लांब शेत होतं. शेताच्या त्या टोकाला मामा छकडा जुंपायचे. या टोकाला पळसाखाली मी पिवळी छत्री घेऊन उभी राहायची. मामांनी हात वर केला की मी काटा पाहायची. कबऱ्या डावीकडे, चंद्र्या उजवीकडे. मामांच्या हातात तुतारी नसायची. बाकीचे धुरकरी टोकाला खिळा असलेली ती काठी बैलांना टोचत. मामा नुसते बोलायचे. काय बोलायचे ते वाऱ्यात कधी कळलं नाही.

"किती?"

"चौदा सेकंद."

मामांनी पंचा झटकला. "काल?"

"पंधरा."

"मंग उद्या तेरा. घाई कायले?"

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पानांचा द्रोण दिला. त्यात वाळलेली मोहफुलं होती. "तुमीच द्या. मोजणाऱ्याच्या हातचं खाल्लं तं बैल लबाडी नाई करत." मी घाबरत द्रोण पुढे केला. कबऱ्याची जीभ खरखरीत होती आणि त्याने फुलांबरोबर द्रोणही खाल्ला. मग रोज धाव संपली की हेच.

हा कबऱ्या काकांच्या मालकीचा, पण मामांनी स्वतःच्या घरात वाढवलेला. तो चार दिवसांचा असताना त्याच्या आईला वाघाने नेलं होतं. मामांनी बांबूच्या नळीने शेजारच्या गाईचं दूध पाजून त्याला जगवलं. मामांना बायको नव्हती, मूल नव्हतं. वासरू घरातच निजायचं. मोठं झाल्यावर ते दारातून आत मावेना, तेव्हा मामाच गोठ्यात निजायला गेले.

पटाला आठ दिवस राहिले असतील. देवरीकडचे एक मालगुजार जेवायला आले होते. जेवण झालं, पानं लागली आणि काकांच्या जिभेला जोर आला.

"यंदा पहिला नंबर आमच्याच जोडीचा, लिहून ठेवा."

"अन् नाई आला तं?" पाहुण्यांनी हसत विचारलं.

"नाई आला तं जोडीतला पाहिजे तो बैल घेऊन जा!"

"कबऱ्या," पाहुणे लगेच म्हणाले. थुंकण्यापुरतंही थांबले नाहीत.

काकांचा चेहरा पडला, पण चार माणसांत दिलेला शब्द होता. अंगणात कासरा वळत बसलेल्या मामांनी सगळं ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्या दिवशी त्यांनी पंचा झटकला नाही. कासरा अर्धाच टाकून ते गोठ्यात गेले.

पटाचा पहिला दिवस निवडीचा. त्या दिवशी प्रत्येक जोडी धावते आणि हरेल ती घरी जाते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार जोड्यांची खरी शर्यत. सकाळपासून बैलगाड्यांची रांग लागली होती. गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. त्यातले अर्धे पट पाहायला आणि अर्धे मुली पाहायला आलेले. गोंदियाहून आणलेला एक माणूस पत्र्याच्या भोंग्यातून हिंदीत ओरडत होता, "भाइयो, बच्चों को सम्हालो! मालगुजार साहब की जोडी मैदान में आ रही है!"

बायकांसाठी वाटेच्या मध्यावर मांडव घातला होता. मी काकूजवळ, अगदी कडेला बसले होते. ऊन तोंडावर येत होतं म्हणून छत्री उघडली.

झेंडी पडली. आमची जोडी सुटली ती दोन छकडे पुढे. मांडवातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. आणि मग मला दिसलं की कबऱ्याचा कान वळला आहे. मग मान वळली. आमच्यासमोर येता येता त्याने पाय मंद केले आणि चंद्र्याला घेऊन तो सरळ मांडवाकडेच निघाला. एका म्हातारीने कपाळावर हात मारला. "अव बाप्पा, बैल पोरी पाहाले येऊन राहिला व!"

मांडव हसत होता. मामा पहिल्यांदाच ओरडताना ऐकू आले. जोडी कशीबशी वाटेला लागली आणि अर्ध्या शिंगाने जिंकली. देवरीचे पाहुणे आपल्या मिशीवरून बोट फिरवत बसले होते.

संध्याकाळी काका अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"तुतारी घेत जा म्हनतो, तं ऐकत नाईस! उद्या गेला ना कबऱ्या, तं मंग बस बोलत खुंट्याशी!"

मामा खाली बसले होते. खालूनच म्हणाले, "चूक माही हाये, मालक. बाई दिसल्या की थांबाचं अन् मोह खायाचे, हे मीच शिकवलं त्याले. त्यानं तं बरोबर केलं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"मंग उद्या ही घरीच राहील," काकू म्हणाली. "झालं."

"नाई होत, मालकीणबाई. आज त्यानं बाईले मांडवात पाहिलं. उद्याबी तो मांडवाकडेच पायत जाईल." मामा थांबले. "बाई समोर पायजेत. टोकाले. रेषेच्या पलीकडे."

"एवढ्या माणसांत?" काकांचा आवाज चढला. "मालगुजाराच्या घरची पोरगी दारुड्यांच्या गर्दीत उभी करू?"

 मामा माझ्याकडे वळले. "बाई, नाई म्हणा. मले राग नाई येणार."

आणि ते थांबले. तोपर्यंत मला कुणी काही विचारलं की उत्तर यायच्या आत पुढचा माणूस बोलून मोकळा व्हायचा. माझी शाळा, घर, सगळं तसंच चालत आलं होतं. मामा मात्र बसून राहिले. काकांनी दोनदा तोंड उघडलं, तेव्हा मामांनी नुसता हात वर केला, सरावाच्या वेळी करायचे तसा. मला वाटतं, मी सकाळपर्यंत गप्प राहिले असते तर ते सकाळपर्यंत थांबले असते.

"येते," मी म्हणाले.

"मीबी येते," काकूने पदर खोचला. "पाहातेच कोन काय बोलते तं."

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी उरली, आमची जोडी आणि सालेकशाची एक जोडी. रेषेपलीकडे मी छत्री आणि द्रोण घेऊन उभी होते. भोवती माणसंच माणसं, बिड्यांचा धूर, आणि सगळ्यांचे डोळे वाटेवर कमी आणि माझ्यावर जास्त. काकू दोन्ही हातांनी गर्दी मागे लोटत होती.

"सरका गा! तुमच्या घरी पोरी नाईत का? बैल पाहाले आले तं बैल पाहा!"

झेंडी पडलेली दिसली नाही, फक्त गलका ऐकू आला. दोन जोड्यांच्या मध्ये धुळीची भिंत उभी राहिली होती. त्यातून आधी सालेकशाच्या बैलांची शिंगं बाहेर आली, मग आमची. कबऱ्याची मान मांडवाकडे वळलेली होती. तो मला शोधत होता आणि मी त्याला दिसत नव्हते. मी छत्री उंच केली. धुळीत पिवळा रंग तरी कसा दिसणार?

तेव्हा मी ओरडले. "कबऱ्या! इकडे!"

तो आवाज माझा आहे हे मलाच दोन क्षणांनी कळलं. शेजारचा माणूस बिडी टाकून माझ्याकडे पाहायला लागला. मी पुन्हा ओरडले, मग पुन्हा. कबऱ्याची मान सरळ झाली. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. मामा छकड्यावर जवळजवळ आडवे झालेले, त्यांचा पंचा मागे उडालेला, चंद्र्याच्या तोंडाचा फेस. एका मानेने आमची जोडी आधी रेषा ओलांडून आली.

आणि थांबली नाही. तिला रेषेचं काय? तिला माझ्यापर्यंत यायचं होतं. गर्दी दोन्ही बाजूंना फाटली. आमची शूर काकू बाजूच्या भाताच्या तणसाच्या ढिगावर चढली, ती कशी चढली हे नंतर तिलाही सांगता आलं नाही. मी हलले नाही. धैर्य वगैरे नव्हतं, पायच उचलत नव्हते. बैल माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले आणि कबऱ्याने द्रोणात तोंड घातलं.

"किती?" मामांनी वरून विचारलं.

मी घड्याळाकडे पाहायलाच विसरले होते. तसं सांगितलं तेव्हा मामा हसले. त्यांना हसताना मी एवढं एकदाच पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते.

देवरीचे पाहुणे दिलदार निघाले. संध्याकाळी काकांसमोरच मामांना म्हणाले, "बैल तं गेला हातचा. तूच चाल माह्यासंगं. चार जोड्या हायेत, नवं घर बांधून देतो."

 मामांनी आभाळाकडे पाहिलं. "सकाळी सांगतो."

त्या रात्री काका जेवले नाहीत. बैल राखला आणि माणूस घालवला, असं काकूजवळ बोलून दाखवत होते.

सकाळी बक्षीस होतं, चांदीचं कडं आणि फेटा. भोंग्यावरून मामांचं नाव चार वेळा पुकारलं गेलं. कुणीच पुढे आलं नाही. घरी नाहीत, पटावर नाहीत, तलावावर नाहीत. काका पाहुण्यांच्या गाडीकडे दोनदा जाऊन पाहून आले, मामा आत तर बसलेले नाहीत ना म्हणून. शेवटी वाजंत्री, फेट्याचं ताट, काका, पाहुणे आणि अर्धं गाव अशी मिरवणूक आमच्या गोठ्याकडे निघाली. मी मागून चालले होते. दुपारी बाबा मला न्यायला येणार होते. निघण्याच्या गडबडीत मामांशी बोलणं झालंच नाही, आणि पुन्हा त्या गावी जायचा योग आला नाही.

गोठ्याच्या दारात मिरवणूक एकदम थांबली. आत कबऱ्या बसला होता. त्याच्या पोटाला डोकं टेकून, पाय पसरून मामा गाढ झोपले होते. त्यांची बंडी कबऱ्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती. सूर्य चांगला वर आला होता.

मागच्या डफड्यावाल्याने टिपरू उचललं. देवरीच्या पाहुण्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. काकांनी फेटा गव्हाणीच्या काठावर ठेवला. मग डफडी काखेत घेऊन, वहाणा हातात धरून, सगळं वाजंत्रीपथक चवड्यांवर चालत अंगणाबाहेर निघालं.