कोऱ्या काचेतला उजेड

घरात कुठेही करपल्याचा वास आला की दादा म्हणायचा, "आत्या घरी आली वाटतं." मुलं हसायची आणि आत्याही हसायची, कारण बोलणं खोटं नव्हतं. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत तिची प्रयोगशाळा होती, आणि तिथे तिचं अर्धं आयुष्य साखर करपवण्यातच गेलं होतं.

लग्न केलं नाही, भावाच्या, म्हणजे दादाच्या, घरी राहिली. भाचरांची आत्या, मग शेजारपाजारचीही आत्याच झाली. प्रयोगशाळेत मात्र सगळे तिला ताई म्हणत. काम असं, की साखरेत लिंबातलं आम्ल घालायचं, बंद भांड्यात तापवायचं, पार काळपट होऊ द्यायचं. मग पाण्यात विरघळवून गाळायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी हातात यायचं चहाच्या रंगाचं पाणी. साध्या उजेडात बघितलं तर ओतून द्यावंसं वाटेल, पण जांभळ्या दिव्याखाली धरलं की निळं चमकायचं. त्या पाण्यात कार्बनचे कण असत, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक. मेंदूत गाठ असलेल्या उंदरांना ते टोचायचे, आणि ते गाठीत जाऊन बसतात का ते बघायचं. बसले तर उद्या कधीतरी माणसाच्या मेंदूतही गाठ कुठे संपते ते दिसेल.

या "कुठे संपते"साठीच आत्या तिथे टिकली होती. तिचे वडील, नाना, मेंदूतल्या गाठीनेच गेले. शस्त्रक्रिया करून बाहेर आलेले डॉक्टर चांगले होते, थकलेले होते. म्हणाले, "डोळ्यांना दिसलं तेवढं काढलं." गाठ परत आली. आत्याने डॉक्टरांना कधी दोष दिला नाही, पण ते वाक्य तिच्या कानातून गेलं नाही. डोळ्यांना आणखी थोडं दिसायला हवं होतं, एवढंच.

वर्षानुवर्षं तिचे कण फिके निघत. गाठीत जायचे, पण चमक बेतासबात. आणि या वर्षी अचानक छायाचित्रं उजळली. मेंदूचा पातळ काप काचपट्टीवर ठेवला की गाठ निळीशार दिसू लागली. विभागाच्या मॅडम मोजून बोलणाऱ्या बाई, पण त्याही म्हणाल्या, "ताई, तुमच्या हाताला अखेर पाक जमला." आत्याने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. वहिनीने लगेच देवापुढे दिवा लावला. ती रोज संध्याकाळी एकच मागायची, नणंदेच्या काचेत उजेड पडू दे.

मॅडमना हे काम आता सगळ्या मोठ्या डॉक्टरांपुढे मांडायचं होतं. त्यासाठी शेवटची छायाचित्रं निवडत असताना आत्याच्या मनात पाल चुकचुकली. ज्या उंदराला कण टोचलेलेच नसतात, त्याला प्रयोगशाळेत कोरा म्हणत. कोऱ्याचा काप अंधारा दिसायला हवा. तो मंदसा चमकत होता.

"मेंदूला स्वतःची थोडी चमक असतेच," मॅडम म्हणाल्या.

"असते. पण ही जास्त आहे. पूर्वीच्या कोऱ्यांना एवढी नव्हती."

"ताई, आता शंका काढत बसलात तर संपलंच सगळं."

बसताही येईना आणि उठताही येईना, अशी आत्याची गत झाली. छायाचित्रं जशी होती तशी पुढे गेली असती तर कुणी काही विचारलं नसतं. तिचा पाक जमलेलाच राहिला असता. पण जे नाही ते डॉक्टरांना गाठ म्हणून दिसलं, तर ते मेंदूचा चांगला भाग कापतील. नानांच्या वेळी कमी दिसलं होतं, इथे जास्त दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक रिकामी काचपट्टी घेतली. तिच्यावर काप नाही, कण नाही, काही नाही. नेहमीसारखी धुतली, नेहमीसारखी पुसली, जांभळ्या दिव्याखाली ठेवली.

काच निळी चमकली. पुसताना हात जसा फिरला होता तशीच, गोल गोल.

आत्याने हातातल्या फडक्याकडे बघितलं. काचा पुसायला ती घरची जुनी सुती फडकी आणायची. विकतच्या कागदापेक्षा मऊ, काचेला ओरखडा नाही, हा तिचा हट्ट होता. तिने फडकं दिव्याखाली धरलं. ते असं झगमगलं, की तिची इतक्या वर्षांची साखर कधी तशी झगमगली नव्हती.

संध्याकाळी ती घरी आली ती थेट मोरीत. "वहिनी, फडकी कशात धुतेस?"

"का गं? मळकी राहिली?"

"नाही, फार शुभ्र झालीत."

वहिनीने कौतुकाने या वर्षी आणायला लागलेली नवी पावडर दाखवली. तिच्यात पांढऱ्याला आणखी पांढरं करणारा गुण होता, पाकिटावर तसं छापलंच होतं. "तुझी फडकी मी देवापुढच्या कापडाबरोबर वेगळी भिजवते. म्हटलं, एवढं मोठं काम, फडकं तरी स्वच्छ असावं."

आत्या पाटावर बसली. म्हणाली, "पांढरं करणारं ते जांभळ्या दिव्याखाली निळं चमकतं, आणि फडक्यातून काचेला लागतं. माझ्या फिक्या कणांवर चढलेला तो उजेड या पावडरीचा होता, वहिनी. माझा नव्हता."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मी तुझं काम बुडवलं?"

"तू कशाला? फडकी मी नेली. मला कुणी सांगितलं होतं घरची फडकी न्यायला?"

दादा दारातून ऐकत होता. "हिने देवाकडे उजेड मागितला, देवाने दिला," तो म्हणाला. "आता पावडरीतून दिला त्याला तो तरी काय करणार?"

कुणी हसलं नाही. मग आत्याच आधी हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

मॅडमना सांगताना तिने पाल्हाळ लावलं नाही, चमकणारी कोरी काच समोर ठेवली. मॅडमनी काच दिव्याखाली फिरवून बघितली. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन करून पुढची तारीख मागितली, आणि कपाटातून विकतच्या कागदाचा गठ्ठा काढून आत्यापुढे ठेवला. रागावल्या असत्या तर बरं, असं आत्याला वाटलं.

सगळे काप नव्याने, कागदाने पुसलेल्या काचांवर घेतले. आधी कोरा ठेवला. तो जवळजवळ अंधारा होता. मग गाठीचा काप ठेवला. आधीची ती निळीशार झळाळी गेली होती. पण डोळे अंधाराला सरावले तशी एक फिकी निळी जागा दिसू लागली, आणि ती एका रेषेवर थांबत होती. रेषेच्या पलीकडे काही नव्हतं.

"फिकी आहे," मॅडम म्हणाल्या.

"फिकी आहे," आत्या म्हणाली. "पण साखरेचीच आहे."

"मग पाक पुन्हा करायचा."

"करते."

त्या संध्याकाळी वहिनी दिवा लावायला बसली आणि हात जोडून तशीच थांबली. आत्या मागे उभी होती.

"आता काय मागू गं?" वहिनीने वळून विचारलं. "उजेड मागायची मला भीतीच बसलीय."

आत्याने वाकून वात थोडी पुढे सरकवली. "उजेड माग," ती म्हणाली. "आणि कोऱ्यात अंधार राहू दे, तेही माग."

वहिनीने डोळे मिटले आणि दोन्ही मागितलं.