ट्रकात टिकेल असा लॅपटॉप

बाबा बँकेत होते, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. कुठलीही वस्तू घेताना आई एकच विचारायची, "ट्रकात टिकेल का?" मग ती कितीही स्वस्त मिळत असो. काचेची कपाटं आणि नाजूक दिवे या प्रश्नापुढे कधीच टिकले नाहीत.

शेवटची बदली जयपूरची. निवृत्तीनंतर बाबांनी तिथल्याच मानसरोवर भागात फ्लॅट घेतला आणि आम्ही इथलेच झालो. आई वारली तीही याच घरात.

परवा माझा लॅपटॉप बंद पडला म्हणून बाबांना घेऊन दुकानात गेले. एक लॅपटॉप स्वस्त आणि वेगवान होता, पण कोपऱ्याला धरून उचलला की प्लास्टिक करकरायचं. दुसरा धातूचा, चांगलाच महाग, बिजागऱ्या घट्ट. दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, घर पे ही रखना है तो सस्तावाला लीजिए."

त्याचं बरोबरच होतं, तरी माझं डोकं फिरलं. आम्ही आता इथून कुठे हलणार नाही, हे त्याने का सांगावं?

बाबांनी दोन्ही लॅपटॉप हातात घेऊन पाहिले आणि धातूचा माझ्याकडे सरकवला. "ट्रकात हाच टिकेल."

तोच घेतला. घरी आल्यावर बाबांनी रिकामं खोकं थर्माकोलसकट नीट बंद करून माझ्या हातात दिलं. मी स्टुलावर चढले. माळ्यावर आईने जपलेली मिक्सरची, टीव्हीची खोकी अजून तशीच होती.

"बदलीच्या वेळी लागेल," बाबा खालून म्हणाले.

"हो," म्हणत मी ते आईच्या खोक्यांना लावून ठेवलं.