मंगळसूत्र कुणाकडे द्यायचं?

“धमनीची भिंत हलतेय, पण हवी तेवढी नाही. कडक झालीय,” पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. मी मान वळवून पडले होते. मला काहीच दिसत नव्हतं.

आधीचं सांगते. एका सकाळी चहा गाळताना उजव्या हातातली ताकदच गेली, गाळणी खाली पडली. तोंडातून शब्द फुटेना. थोड्या वेळाने सगळं ठीक झालं, मग मी फरशी पुसून पुन्हा चहा टाकला. असला शहाणपणा तुम्ही करू नका, लगेच दवाखाना गाठा. मी दुसऱ्या दिवशी गेले म्हणून फिजिशियन चांगलेच रागावले. याला टीआयए म्हणतात, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडणं. पुढे मोठा झटका येऊ शकतो. त्यांनी कॅरोटिड डॉप्लर लिहून दिली, म्हणजे मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून इंदूरला मुलाकडे, नातवाला सांभाळायला. माझी शाळेतली नोकरी अजून बाकी, म्हणून लालबागच्या घरात मी एकटी. यांना काही कळवलं नव्हतं.

तपासणीच्या दाराशी सिस्टरने सांगितलं, गळ्यातलं काढून सोबतच्यांकडे द्या. माझं मंगळसूत्र बाळंतपणातही सासूबाईंनी काढू दिलं नव्हतं. ते खाली ठेवायचं नाही, पर्समध्ये टाकवेना. हातात धरून उभी राहिले आणि रडूच आलं. तपासणीला मी घाबरले नव्हते. ते द्यायला माझं माणूस नव्हतं.

बाकावर जसोंडी गावच्या एक मावशी होत्या, पोटाच्या सोनोग्राफीला आलेल्या. त्यांनी पदर पुढे केला. “दे माय इकडं. मी इथंच बसेल आहे.”

आत मानेवर गार जेल लावून प्रोब फिरवतात. दुखत नाही. प्रत्येक ठोक्याला धमनी फुगते आणि आकसते, ती हालचाल मोजतात. शेवटी डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. धमनीच्या भिंतींच्या दोन बारीक रेघा जवळ येत होत्या, लांब जात होत्या. ब्लॉक नव्हता. गोळ्या, मीठ कमी, रोज चालणं. मग घरी कोण असतं ते विचारलं.

“आजच घरच्यांना सांगा,” ते म्हणाले. “पुन्हा असं झालं तर फोन लावायला हात चालेलच असं नाही.”

बाहेर मावशी पदर मुठीत आवळून तिथेच होत्या. शेजारच्या खोलीतला त्यांचा नंबर येऊन गेला होता. आत का गेल्या नाहीत, मी विचारलं.

“तुझं सौभाग्य हाती, आन मी कुठं जाऊ माय?”

त्यांनीच ते माझ्या गळ्यात घातलं. त्याही एकट्याच आल्या होत्या. त्या तपासणीला आत गेल्या तेव्हा त्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी थांबले, आणि तिथूनच इंदूरला फोन लावला. यांना झालेलं सगळं सांगितलं. मग लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना म्हणाले, “मला तुम्ही इथे हवे आहात.”