तापवलेली हलगी

आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीने मला फसवलं. गणपतीसाठी इथे सिंगापुरात, पासिर रिसला आमच्या कॉन्डोतला हॉल मी मिळवून दिला. जहाजांची भाडी ठरवणं हेच माझं काम. मॅनेजरशी घासाघीस करून पाचही दिवस माझ्या नावावर घेतले. बदल्यात शब्द होता, "वहिनी, पूजेला तुम्ही दोघंच बसायचं."

मग मी सरावाला हलगी नेली. इथल्या दमट हवेत चामडं सैल पडतं आणि जाळ करू देत नाहीत, म्हणून हेअर ड्रायरने तापवत होते. सेक्रेटरीने विचारलं, "छंद वाटतं?"

"नाही. वडिलांची आहे. लग्नात, मयतीत वाजवायचे. त्यावरच घर चालायचं."

तो हसला. ते हसू मी ओळखते. समोरच्याची नड हेरली की दलाल असंच हसतो.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पूजेला दुसऱ्याच जोडप्याचं नाव. मी फोन केला.

"ज्येष्ठांना सोवळ्याचं जरा असतं हो. तुम्ही हलगी वाजवा ना. रक्तातच आहे तुमच्या."

माझा आवाज चढला. तो थंडपणे म्हणाला, "वाद वाढवू नका. पॅरिया होऊन बसाल इथे."

पॅरिया. वाळीत टाकलेला. पेपरात हा शब्द बहिष्कृत देशांना लावतात, इंग्रजी पुस्तकांत गावठी कुत्र्यांनाही. मला वाटायचं, साहेबाचा शब्द. पण त्याच्या तोंडात इतका सहज आला की तो आपल्याकडचाच असावा असा मला संशय आला. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सेल्वीला विचारलं. ती तमिळ.

"साहेबाचा कसला? आमच्याकडून उचललाय. परै म्हणजे चामड्याचं वाद्य. ते वाजवणाऱ्या जातीचं नाव गोऱ्यांनी घेतलं आणि जगभर शिवी म्हणून फिरवलं. माझे आजोबा वाजवायचे. आधी जाळावर तापवायचे."

तापवायचे. माझ्यासारखंच. ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही मी. शब्दकोश उघडला. तेच होतं.

स्थापनेची आरती झाली. सगळे माझ्याकडे वळले. "आंटी, स्टार्ट लाह!" पोरं ओरडली. हलगी तापलेली होती. मी ती काखेत धरली.

"वाजवणार नाही," मी म्हणाले. "सोवळं कुणाला लागतं? त्या ज्येष्ठांनी उभं राहावं. आणि सेक्रेटरी, फोनवर मला जे म्हणालात, ते आता सगळ्यांसमोर म्हणा."

नवरा पुटपुटला, "अगं, दोन ठोके तरी." सेक्रेटरी मोदकांच्या ताटाकडे बघत राहिला.

कुणी उभं राहिलं नाही. ठीक आहे. हॉल माझ्या नावावर आहे. विसर्जनापर्यंत रोज येईन. रोज हलगी तापवीन, वाजवणार नाही. रोज हेच विचारीन.

पूजेतली माझी जागा कुणी काढली? नाव सांगा.