एकसारख्या भाकऱ्या

माझ्या डब्यातल्या भाकऱ्या एकसारख्या आहेत हे मला कळले, तेव्हा त्या तशा यायला लागून बरेच दिवस झाले असावेत. आधी राग आला तो स्वतःचाच. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी, द्रावणाच्या रंगातली पुसटशी छटा टिपल्याबद्दल शाबासकी घेणारी मुलगी रोज समोर येणाऱ्या अन्नाकडे न पाहता जेवत होती.

डबा गावाहून येई. आमचे गाव रिठदच्या फाट्यावरून आत. तिथून वाशीमला निघणाऱ्या पहिल्या काळीपिवळी जीपमध्ये, चालकाच्या पायांशी, फडक्यात बांधलेला माझा स्टीलचा डबा असे आणि दुपारच्या फेरीने तो रिकामा परत जाई. या डब्यामुळेच मी शहरात राहू शकत होते. खानावळीचे पैसे भरायचे तर खोली सोडावी लागली असती. खोली सोडली तर प्रयोगशाळा सुटली असती, कारण प्रात्यक्षिके आटोपेपर्यंत गावाकडची शेवटची गाडी निघून गेलेली असे. खोलीत माझ्याबरोबर मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात, त्यामुळे तिला डबा येण्याचा प्रश्न नव्हता. रात्री तिची खिचडी आणि माझ्या दोन भाकऱ्या, असा आमचा करार होता.

त्या दोन भाकऱ्या बाजूला काढताना एकीवर दुसरी ठेवली आणि कडा तंतोतंत जुळल्या. मग तिसरी ठेवली, चौथी ठेवली. पट्टी लावून पाहिली, व्यास तोच. आईची भाकरी अशी नसते. तिचा उजवा तळवा डाव्यापेक्षा जोराने पडतो, म्हणून एक बाजू जराशी बाहेर सरकलेली असते. शेवटची भाकरी उरल्यासुरल्या पिठाची, म्हणून लहान असते. हाताने केलेल्या वस्तूत थोडाफार फरक राहतोच. नोंदींमध्ये फरकच दिसेनासा झाला तर कोणीतरी त्या नोंदी बनवल्या आहेत असे समजा, हे आम्हाला पहिल्या वर्षीच बजावलेले होते.

फडक्याची गाठही वेगळी होती. आई सैल गाठ मारते, एका बोटाने सुटणारी. आता गाठ सोडवायला मला दात लावावे लागत होते. म्हणजे डबा वाटेत उघडला जात होता आणि कोणीतरी परका हात तो पुन्हा बांधत होता. संशय अर्थातच चालकावर गेला. आमचा डबा तो भाडे न घेता आणत असे, सुगीत थोडी तूर दिली की झाले. फुकट काम करणारा माणूस मोबदला कुठून तरी वसूल करणारच, असे मला वाटले. जीप थांबते तिथे एक छोटे हॉटेल होते, बाहेर खडूने ‘ज्वारीची भाकर मिळेल’ असे लिहिलेले. तिथल्या भाकऱ्या मी जाता-येता पाहिल्या होत्या, साच्यातून काढल्यासारख्या. घरची भाकरी हा खाणार आणि हॉटेलची माझ्या डब्यात घालणार, हे मी जवळजवळ सिद्ध झाल्यासारखेच धरले.

दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर लवकर जाऊन उभी राहिले. जीप आली. त्याने डबा काढला, माझ्या हातात दिला आणि मग चहाला गेला. हॉटेलात जाण्याआधी डबा माझ्याकडे आला होता, पण तेवढ्याने माझा संशय गेला नाही. अदलाबदल वाटेतही होऊ शकते. मी तिथेच गाठ निरखू लागले, तशी तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, “काय म्याडम, मुद्देमाल तपासून राह्यल्या काय? पंचनामा करा, मी सही देतो.” बाकावरची माणसे हसली. मी हसले नाही. जो आधीच विनोद करतो त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असते, असे मी मनाशी नोंदवले. या एका बाबतीत मी चुकले नव्हते.

मग मी साधी चाचणी घेतली. संध्याकाळी फोनवर आईला म्हटले, उद्या डब्यात गुळाचा खडा टाक, गोड खावेसे वाटते आहे. कारण सांगितले नाही. चालकाला याची खबर असण्याचे कारण नव्हते. डबा बदलला जात असेल तर गूळ येणार नाही. गूळ आला. कागदात बांधलेला, चांगला मोठा खडा, आणि त्याच्याखाली चार भाकऱ्या, त्याच व्यासाच्या.

निष्कर्ष मला आवडला नाही. डबा आमच्याच घरून येत होता. भाकऱ्या आईच्या नव्हत्या.

त्यानंतर मी आईचे फोन वेगळ्या कानांनी ऐकू लागले. आजारी असेल, हात भाजला असेल, या शक्यता आवाजावरून बाद होत होत्या. आवाज खणखणीत होता. पण त्या आवाजामागे शांतता फार होती. आमच्या घराच्या मागे विहार आहे, संध्याकाळी तिथे वंदना होते, पोरांचा गलका असतो, शेजारची बकरी ओरडते. यातले काहीच येत नव्हते. मी काही विचारले की आई उत्तर देण्याआधी माझ्या अभ्यासाचे विचारी. शेतात काय चालले आहे म्हटले, तर “चालून राह्यलं” एवढेच सांगे. आणि एका संध्याकाळी बोलता बोलता तिच्याकडे घंटी वाजली. देवळातली नव्हे, दारावरची. पक्षी किलबिलल्यासारखा आवाज करणारी. मी विचारले हे काय. आई म्हणाली, टीव्हीतली हाये. आमच्या घरचा टीव्ही दिवाळीपासून बंद होता.

हे सगळे मी खोलीतल्या मैत्रिणीला क्रमाने सांगितले. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“तुही माय घरी नाही,” ती म्हणाली. “माही माय फडावरून फोन करते न, तवा अशीच अभ्यास-अभ्यास करते. दुसरं काही इचारू देत नाही.”

शनिवारी दुपारी रिकामा डबा घेऊन मी न कळवता निघाले, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. थांब्यावर काळीपिवळी उभी होती आणि मागची अख्खी बैठक रिकामी होती. चालक म्हणाला, गाडी भरली. मी रिकाम्या बैठकीकडे पाहिले. तो म्हणाला, ते लोक चहाला गेले हायेत. हॉटेलात त्या वेळी चिटपाखरू नव्हते. मी वळताच त्याने खिशातून फोन काढलेला मला दिसला. मग मी एसटी पकडली, आणि फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत जाताना एकच विचार करत होते की जिथे जाते आहे तिथे माझ्याआधी निरोप पोचलेला आहे.

पोचला होताच. बाबा शेतातून घाईने आल्यासारखे अंगणात उभे होते, पायांचा चिखलही धुतलेला नव्हता. आई मावशीकडे कामरगावला गेली आहे, ते म्हणाले, मी विचारण्याआधीच. मी आत गेले. दोरीवर आईचे एकही लुगडे नव्हते. तिची रोजची चप्पल नव्हती, आणि कोनाड्यात राहणारी तिची चष्म्याची डबीही नव्हती. दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेलेली बाई एवढे सगळे नेत नाही. बाबा माझ्या मागोमाग आत आले आणि म्हणाले, “तू बस. दोन भाकरी टाकतो.”

मग त्यांनी परात पुढे ओढली. पीठ मळले, गोळा केला, आणि खताच्या पिशवीच्या आतला धुतलेला प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर ठेवला. वरून दुसरा कागद. तळहाताने दाबत दाबत त्यांनी भाकरी मोठी केली. कडा नकाशासारख्या वाकड्यातिकड्या झाल्या. शेवटी माझ्या डब्याचे झाकण घेऊन त्यांनी ते भाकरीवर दाबले आणि बाहेरचे पीठ बोटाने काढून घेतले. एक निर्दोष वर्तुळ उरले. ते त्यांनी तव्यावर टाकले, पाणी फिरवले, आणि माझ्याकडे न पाहता विचारले, “तुह्या मायसारखी झाली ना?”

ज्या माणसाने लग्नापासून आईच्या हातचे खाल्ले, त्याच्या मते आईची भाकरी गोल होती. फडक्याची गाठही आता कळली. गुरांच्या दाव्याला मारतात ती गाठ होती.

“बाबा, माय कुठी हाये?”

त्यांनी भाकरी उलटली. आई अकोल्याला होती. एका घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती, तिचे सगळे करायला चोवीस तास बाई हवी होती; खाणे-राहणे तिथेच. खोलीचे भाडे वाढले आणि प्रकल्पासाठी पैसे लागतील असे मी दिवाळीत सांगून गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात ती गेली. डबा थांबला असता तर मला लगेच समजले असते, म्हणून तो थांबू द्यायचा नाही, असे ठरले. पहिले काही दिवस शेजारणीने भाकऱ्या दिल्या, नंतर बाबा शिकले. चालकाला तोंड बंद ठेवायला सांगितले होते. गुळाचा निरोप अकोल्याहून आला होता.

“मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं तं तू पुस्तकं टाकून आली असती,” बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारले, “आली असती ना?”

खरे उत्तर मला माहीत होते. एसटीत बसल्या बसल्याच मी सगळ्या शक्यता तपासल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतही मी परत येत नव्हते. आई आजारी असती तरीसुद्धा परीक्षेपर्यंतचे काहीतरी जमवले असते. खोटे बोलणे सोपे होते. त्या घरात गेले काही महिने सगळेच ते करत होते.

“नाही बाबा. आली नसती.”

त्यांनी भाकरी निखाऱ्यावर टेकवली. ती फुगली.

“तुही माय हेच म्हने,” ते म्हणाले. “मी म्हनलं पोरगी येईन. माय म्हने, नाही येनार, शिकनच. पन मंग घासागनिक आठोन काढीन. म्हनून नको सांगू.”

माझ्याबद्दलचा हा अंदाज मला न विचारता बांधलेला होता, आणि तो बरोबर होता. मला त्याचाही थोडा राग आला. आम्ही जेवलो. भाकरी जाड होती आणि मध्ये किंचित कच्ची. मी संपवली.

आईचा फोन नेहमीच्या वेळी आला. तिने अभ्यासाचे विचारले, मी सांगितले. तिने डबा बरा येतो का विचारले. मी म्हटले, भाकऱ्या फार गोल येतात. ती हसली नाही. चालकाने तिलाही कळवले होते की नाही, मी आवाजावरून अजमावत होते. ती बहुधा माझ्यामागची वंदना ऐकत होती आणि मी कुठून बोलते आहे हे तपासत होती. तेवढ्यात तिच्याकडे तो पक्ष्याचा आवाज झाला, एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

“माय,” मी म्हटले, “घंटी वाजून राह्यली. जाय, दार उघड. मी थांबते.”